कमरेतल्या कळा

(स्मृतिव्याख्यानमालेत भंडारा इथं दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांना या सभागृहातला कुणीही नावानं हाक मारत नसे. लाखांदूरकडच्या गावांत काय किंवा पवनीच्या बाजारात काय, त्या सगळ्यांच्या सिस्टरबाई होत्या. आजही मी त्यांना तेच म्हणणार आहे.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा सुरक्षित मातृत्वावर बोला, असं सुचवलं होतं. मी म्हटलं, मला एकाच बाळाबद्दल बोलू द्या. हे बाळ डोकं खाली करून बसलेलं असतं. ते आडवं नसतं, पायाळू नसतं. वजन बरं असतं, ठोके चांगले असतात, कार्डावर सगळं ठीक लिहिलेलं असतं. आणि तरीही त्याची आई रात्रभर कमरेला हात लावून भिंतीशी उभी असते, आणि घरातली म्हातारी येऊन सांगते, "डॉक्टरीनबाई, हिच्या कमरेतच कळा येऊन राह्यल्या जी, पोटात कायच नाही."

हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात ऐकलं तेव्हा मला त्यातून काही कळलं नव्हतं. सिस्टरबाईंना कळलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, बाळ उताणं असल. रात्र मोठी आहे. चहा ठेवते."

उताणं बाळ म्हणजे काय ते आधी सांगते. बहुतेक बाळं जन्मताना आईच्या पाठीकडं तोंड करून येतात. आई उताणी निजली असेल तर बाळ जमिनीकडं बघत, उपडं बाहेर येतं. काही बाळं मात्र आईच्या पाठीला पाठ लावून बसतात. त्यांचं तोंड आईच्या पोटाकडं असतं आणि डोक्याचा मागचा टणक भाग आईच्या माकडहाडाकडं. आपल्या भाषेत 'पाठचा' म्हणजे आपल्यानंतर जन्मलेला भाऊ. हे बाळ खरोखरच पाठीशी पाठ टेकून असतं, आणि प्रत्येक कळ आली की तो टणक भाग आईच्या कण्याच्या शेवटच्या हाडावर दाबला जातो. म्हणून कळ कमरेत येते. म्हातारीचं निरीक्षण अगदी खरं असतं.

पायाळू माणसाला आपल्याकडं नाव आहे, मान आहे, भीतीही आहे. उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीवरून पाय फिरवून घेतात, विजा चमकायला लागल्या की त्याला घराबाहेर जाऊ देत नाहीत. सुश्रुतानं मूढगर्भाचे चार प्रकार सांगितले आहेत, कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ. त्यात खुंटीसारखं अडकलेलं बाळ आहे, दाराला आडणा घालावा तसं आडवं बसलेलं बाळ आहे. डोकं खाली असून फक्त तोंडाची दिशा फिरलेल्या बाळाला मात्र त्या चौघांत वेगळी जागा नाही. साहजिकच आहे. बाहेर आलेला हात किंवा पाय कुणालाही दिसतो. आत वळलेली मान ओळखायला बोटांना फार शिकावं लागतं.

सिस्टरबाईंची बोटं शिकलेली होती. त्यांचं तपासणं मी आजही डोळ्यांपुढं आणू शकते. बाई बाजेवर निजली की आधी हात लावायचा नाही, बाजूला उभं राहून पोटाकडं नुसतं बघायचं. उपडं बाळ असलं तर पोट घागरीसारखं गोल दिसतं. उताणं असलं तर बेंबीच्या जरा खाली खळगा पडतो, बशीसारखा. मग हात. समोरच्या बाजूला सपाट, सलग पाठ लागायच्या ऐवजी छोटे छोटे उंचवटे लागतात, कोपर, गुडघे, टाचा, आणि ते हाताखालून सटकतात. "माझ्या पोटात समोरच लाथा मारते जी," असं बाईच सांगते. मग लाकडी नळी. ठोके पोटाच्या मधोमध धूसर येतात आणि कुशीकडं सरकलं की स्पष्ट. आणि कळा सुरू झाल्यावर, आतून तपासताना, टाळू.

टाळू आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. बाळाची टाळू आपण तेलानं भरतो, तिच्याकडं बघून बाळ सुकलं की नाही ते ओळखतो. ती पुढची टाळू मोठी असते, चौकोनी, शंकरपाळ्याच्या आकाराची. डोक्याच्या मागच्या बाजूला आणखी एक असते, लहान आणि तिकोनी. नीट वळलेल्या बाळाची मागची तिकोनी टाळू बोटाला पुढच्या अंगाला लागते. उताण्या बाळात पुढच्या अंगाला शंकरपाळा लागतो. नव्या मुलींना शिकवताना सिस्टरबाई एवढंच विचारायच्या, "शंकरपाळा कुठं लागला?" हे मी पदव्युत्तर शिक्षण घेताना भल्याजाड पुस्तकात वाचलं होतं. शंकरपाळ्यानं ते कायमचं लक्षात राहिलं. कळांमुळं डोक्याला सूज आली की हीच टाळू शिकलेल्या बोटांनाही चकवते. आता बाळंतपणाच्या खोलीत सोनोग्राफी करून डोक्याची दिशा जास्त खात्रीनं सांगता येते. जिथं ती सोय आहे तिथं ती वापरावीच.

आता हे अवघड का पडतं? बांगडी भरताना कासारीण काय करते ते आठवा. ती आधी अंगठा तळव्यात मुडपते, हात लांबट करते, हळूहळू फिरवत बांगडी चढवते. तोच हात अंगठा पसरून घातला तर बांगडी फुटेल, हात सोलेल. बाळाच्या डोक्याचंही असंच. हनुवटी छातीला टेकलेली असेल तर डोक्याचा जो घेर पुढं येतो त्याचा व्यास साधारण साडेनऊ सेंटिमीटर असतो. उताण्या बाळाची मान बहुधा नीट झुकलेली नसते, ते जरा वर बघत असतं. मग पुढं येणारा व्यास साडेअकरा सेंटिमीटरपर्यंत जातो. दोन सेंटिमीटर म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही कमी, पण त्या वाटेत ते फार असतात. शिवाय आईच्या ओटीपोटाची वाट वरच्या तोंडाशी रुंदीला मोठी आणि खालच्या तोंडाशी पुढून मागं मोठी. प्रत्येक बाळाला वळत वळतच यावं लागतं. नीट बसलेल्या बाळाला वर्तुळाचा आठवा हिस्सा वळावं लागतं, उताण्या बाळाला तीन अष्टमांश. तेवढं वळायला वेळ लागतो, आणि तो वेळ आईच्या कमरेतून जातो.

पण बहुतेक बाळं वळतात. माझ्या आजच्या बोलण्यातलं काही घरी न्यायचं असेल तर हे न्या. कळा सुरू होताना शंभरातली पंधरा-वीस किंवा त्याहून थोडी जास्त बाळं अशी बसलेली असतात. प्रत्यक्ष जन्माच्या वेळी साधारण पाच तशीच राहतात. बाकीची वाटेतच वळतात. जी पाच राहतात त्यांतलीही बरीच तशीच, आकाशाकडं बघत, आईच्या जोरावर जन्मतात. काहींना चिमटा किंवा व्हॅक्यूम लागतो, काहींना सिझेरियन. शेवटपर्यंत उताण्या राहिलेल्या बाळाच्या आईला खोल फाटण्याचा धोका जास्त असतो. ही जोखीम मी लपवत नाही. आणखी एक गोष्ट, जी मलाही उशिरा कळली: जन्मताना उताणी असणारी कितीतरी बाळं कळा सुरू होताना उताणी नसतातच, ती बाळंतपणाच्या वाटेत उलट फिरतात. म्हणजे आठव्या-नवव्या महिन्यात बाळ कसं बसलंय यावरून रडत बसण्यात किंवा निर्धास्त होण्यात फारसा अर्थ नाही.

इथं एक गोंधळ दूर करते, कारण आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी कागद घेऊन माझ्याकडं येतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'प्लॅसेंटा पोस्टीरियर' असं लिहिलेलं असतं, आणि ते बाळाच्या बसण्याबद्दल आहे असं वाटतं. ते वारेबद्दल आहे. वार गर्भपिशवीच्या मागच्या भिंतीला चिकटली आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाळाचं तोंड कुठं आहे ते त्या ओळीवरून कळत नाही, आणि मुलगा की मुलगी ते तर मुळीच नाही.

आता थोडं माझं सांगते. माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं, एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. मी डॉक्टर होते, कळांचा आलेख मला पाठ होता. पहाटे तीनला कळा सुरू झाल्या आणि सगळ्या कमरेत. मला टेबलावर उताणं निजवलं आणि हलू नका म्हणून सांगितलं. उताणं निजल्यावर बाळाचं सगळं वजन माकडहाडावर येतं, हे मला माहीत होतं. तरीही मी निजून राहिले, कारण सांगणारे माझ्याहून मोठे होते. आईला बाहेर बसवलं होतं. पाच-सहा तासांनी शी लागल्यासारखी होऊन जोर करायची अनावर इच्छा झाली. या बाळाचं डोकं मागं गुदद्वारावर दाबतं, त्यामुळं पिशवीचं तोंड उघडायच्या कितीतरी आधीच ही भावना येते. मी जोर केला. कुणी तपासलं नाही, कुणी थांबवलं नाही. तोंडाला सूज आली आणि पुढं कितीतरी तास काही सरकेना. एक बाई मला म्हणाल्या, "डॉक्टर असून एवढं ओरडता?" अठराव्या तासाला चिमटा लावून मुलगी झाली. मुलगी ठणठणीत होती. माझे टाके भरायला दोन महिने गेले. ते वाक्य मात्र मला अजून ऐकू येतं.

रजा संपवून परत आले. सिस्टरबाईंनी मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या डोक्याचा आकार बघितला आणि विचारलं, "उताणी आली ना पोर?" मी हो म्हटलं. त्यांनी मुलीला माझ्या आईकडं दिलं, मला खुर्चीवर उलटं बसवलं, खुर्चीच्या पाठीवर छाती टेकवून, आणि माझ्या कमरेच्या खाली, जिथं दोन बाजूंना दोन खळगे दिसतात तिथं, दोन्ही तळव्यांची मुळं ठेवून दाबलं. बाळंतपण होऊन तीन महिने झाले होते, कळ नव्हती, काही नव्हतं. तरी मला रडू फुटलं. हे अठरा तासांत कुणीतरी केलं असतं तर!

इथं मला आनंदीबाई जोशी आठवतात. त्यांनी 1886 साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्याआधी चौदाव्या वर्षी त्या स्वतः बाळंत झाल्या होत्या आणि त्यांचं बाळ दहाच दिवस जगलं होतं. त्या आठवणीचा त्यांच्या विषयाशी काय संबंध होता ते मी सांगू शकत नाही. मात्र माझ्या बाळंतपणाच्या टेबलावरून उठल्यानंतर मी जे प्रश्न विचारायला लागले ते आधी कधी विचारले नव्हते, एवढं मी माझ्यापुरतं सांगू शकते.

पहिला प्रश्न तयारीचा. बाळ उताणं बसू नये, किंवा बसलं तर वळावं, म्हणून गरोदरपणात काय करावं? 1990 च्या दशकात न्यूझीलंडमधल्या जीन सटन आणि पॉलिन स्कॉट या दोघींनी एक मत मांडलं. बायका आता मऊ खुर्च्यांत रेलून बसतात, पूर्वी त्या पुढं वाकून काम करत, म्हणून बाळं उताणी बसायला लागली. तेव्हा गरोदर बाईनं पुढं झुकून बसावं, हातागुडघ्यांवर यावं. ऐकायला पटतं. आपल्याकडच्या आज्याही हेच म्हणतात, "आम्ही सारवण करत होतो, जातं ओढत होतो, आम्हाले असं काई नव्हतं." मीही काही वर्षं हे बायकांना सांगत होते.

पण आपलाच जिल्हा बघा. आषाढ-श्रावणात इथल्या बायका दिवसच्या दिवस बांधीत कमरेतून वाकून रोवणी करतात. सातव्या, आठव्या महिन्यातल्याही करतात, मजुरी सोडून चालत नाही म्हणून. वाकल्यानं बाळं वळत असती तर भंडाऱ्याच्या धानाच्या पट्ट्यात उताणं बाळ औषधालाही मिळालं नसतं. मला ती रोवणीच्या मोसमातही मिळाली. पुढं 2004 साली ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अडीच हजारांहून जास्त गरोदर बायका त्यात होत्या. निम्म्याजणींनी सदतिसाव्या आठवड्यापासून रोज दोनदा दहा-दहा मिनिटं हातागुडघ्यांवर येऊन कंबर हलवण्याचा व्यायाम केला. जन्माच्या वेळी उताणी बाळं दोन्ही गटांत सारखीच, शंभरात आठच्या आसपास. त्या दिवसापासून मी, ही तुमच्या बसण्या-उठण्याची चूक आहे, असं सुचवणारं एकही वाक्य बोलणं बंद केलं. बाळ असं बसतं ते बरेचदा आईच्या हाडांच्या ठेवणीमुळं, कधी वार समोर असल्यामुळं, आणि पुष्कळदा असं कारण सापडतही नाही. आठव्या महिन्यातली बाई थकून आली असेल तर तिला खुशाल रेलून बसू द्या.

मग हातागुडघ्यांवर येणं फुकट? नाही. 2005 साली कॅनडातल्या संशोधकांनी पुढाकार घेऊन केलेल्या चाचणीत कळा सुरू असलेल्या, उताण्या बाळाच्या 147 बायका होत्या. त्या स्थितीनं बाळं नक्की वळतात असं सिद्ध झालं नाही, पण कमरेचं दुखणं कमी झालं. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे. कळा सुरू असताना बाईला जे बरं वाटतं ते तिनं करावं. खिडकीच्या गजांना धरून डुलावं, बाजेच्या कडेवर उशी ठेवून ओणवं व्हावं, चालावं, कुशीवर पडावं, गुडघ्यावर बसून सासूच्या मांडीत डोकं खुपसावं. आपल्या जुन्या बायका उकिडव्या बसून, मागून दुसऱ्या बाईनं धरलेल्या, बाळंत होत. त्यांना निजवलं ते आपण, आपल्या सोयीसाठी. कळांच्या पहिल्या टप्प्यात हिंडत्या-फिरत्या बायकांचं बाळंतपण सरासरीनं तासाभराहून जास्त लवकर पुढं सरकतं, हे आता अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलेलं आहे.

म्हणून मी तयारी म्हणते ती लांब रात्रीची तयारी. आपण सातव्या महिन्यात ओटी भरतो, हिरव्या बांगड्या भरतो, डोहाळे पुरवतो. त्याच दिवशी घरात एक गोष्ट ठरवा: कळांच्या वेळी हिच्याजवळ सलग कोण बसणार? खेपा घालणारं माणूस नको, बसणारं हवं. केंद्र सरकारनं 2016 साली सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली आहे. सोबत असणाऱ्या बायकांची जास्त बाळंतपणं नैसर्गिक होतात आणि सिझेरियन कमी होतात, हे पंधरा हजारांवर बायकांच्या चाचण्यांतून दिसलेलं आहे. मला असं औषध माहीत नाही ज्याला पैसा लागत नाही आणि एवढा गुण येतो. तरी अजून कितीतरी ठिकाणी आईला दाराबाहेर बसवतात, जशी माझ्या आईला बसवली होती. तुम्ही विचारा. दोनदा विचारा.

सोबतिणीला काय यायला हवं? कमर दाबता यायला हवी. शेकायला गरम पाण्याची पिशवी, नसेल तर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघून. दर दोन तासांनी लघवीला नेणं, कारण भरलेली लघवीची पिशवी बाळाची वाट अडवते. थोडं थोडं पाणी, चहा, भाताची पेज, दवाखाना देऊ देईल तोवर. आणि तोंडून "अजून नाही का झालं?" हे शब्द काढायचे नाहीत.

या बाळाच्या कळा बरेचदा फसव्या असतात. दोन तास जोरात येतात, मग गायब, पुन्हा रात्री. पाणीही कधी कळांआधीच जातं. घरचे दोनदा गाडी करून येतात, दोनदा परत जातात, तिसऱ्यांदा यायला लाजतात. ही लाज जीव घेऊ शकते. पाणी गेलं की यायचं, कळा असोत नसोत. पाणी हिरवट, रक्त जास्त, ताप, बाळाची हालचाल मंदावली, डोकं दुखून अंधारी आली, किंवा दोन कळांच्या मधेही पोट मऊ होईना, तर तसंच निघायचं. 102 आणि 108 या दोन्ही नंबरांना फोन लावता येतो, आणि गाडीचे पैसे द्यायचे नसतात. पावसाळ्यात याहूनही आधी. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेला पूर तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे, रस्ते कसे तुटले ते पाहिलं आहे. ज्यांची तारीख श्रावण-भाद्रपदातली आहे आणि गाव नदीपलीकडं आहे, त्यांनी मोठ्या गावातल्या नातेवाइकांकडं आठ दिवस आधी येऊन राहावं. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात सरकारनं आरोग्यकेंद्राला लागून माहेरघरं बांधली ती याचसाठी.

त्याच गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं घरी होणाऱ्या बाळंतपणांचा अभ्यास केला होता. 772 बायका, आणि निरीक्षण करणारी बाई प्रत्यक्ष घरात. कळांच्या काळातल्या गुंतागुंतीत सगळ्यांत वर निघालं ते लांबलेलं बाळंतपण, शंभरात दहा जणींचं. ते बाळ कसं बसलं होतं हे प्रत्येक घरात कुणाला कळणार होतं? पण आमच्या भागातलं लांबलेलं बाळंतपण मी हातानं तपासलं आहे, आणि कितीदातरी माझ्या बोटाला शंकरपाळा लागला आहे.

आता एका गोष्टीवर मी जरा कठोर बोलणार आहे. कळांचं इंजेक्शन. बाळंतपण लांबलं की गावात कुणीतरी म्हणतं, "एक सुई मारून घ्या, मोकळी होईल." कुणीतरी घरी येऊन दंडावर सुई देतं. दवाखान्यात आम्हीही हेच औषध वापरतो, पण सलाईनमधून, थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत, आणि वाट खुली आहे याची खात्री करून. कळा मंद पडल्या असतील तर ते उपयोगी औषध आहे. घरी दिलेली सुई मात्र परत काढता येत नाही. डोकं अडलेलं असेल आणि पिशवी त्यावर वेड्यासारखी आवळत राहिली तर पिशवी फाटते. मी फाटलेली पिशवी पाहिली आहे. बाई पिवळी पडलेली होती, पोट फळीसारखं, ठोके नव्हते. तिला रक्त देऊन वाचवलं. पाळण्यासाठी माहेराहून आणलेली गोधडी तिच्या आईच्या हातात होती आणि आई त्या गोधडीची घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. पोटावर दाब देऊन बाळ ढकलणं, हेही त्याच जातीचं. दवाखान्यात कुणी पोटावर चढायला लागलं तर नाही म्हणा.

आणि दवाखान्यातल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना दोन शब्द. तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलंच पाहिजे, हा नियम आपण पिढ्यान्पिढ्या मानला. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं तो सोडून दिला. पाच सेंटिमीटरच्या पुढं खरा जोमाचा टप्पा धरायचा, आणि पहिलटकरणीला त्यानंतर बारा तासांपर्यंत लागू शकतात, आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर. उताण्या बाळाला ही मोकळीक फार उपयोगी आहे. जोर करावासा वाटतो असं बाई म्हणाली की तिला रागावण्याआधी तपासा. तोंड पूर्ण उघडलं नसेल तर तिला कुशीवर किंवा हातागुडघ्यांवर घ्या, फुंकर मारायला सांगा, जोर थोपवा. तोंड पूर्ण उघडल्यावर डोकं वळत नसेल तर हातानं वळवायचं कौशल्य आहे, ते वरिष्ठांकडून शिका. आणि वाट पाहणं संपलंय असं ठोके सांगत असतील तर सिझेरियन करा, आणि बाईला ते पराभवासारखं सांगू नका. माझ्या हातून झालेल्या काही सिझेरियनांबद्दल मला आजही वाटतं की आणखी दोन तास आणि एक सोबतीण मिळाली असती तर ती लागली नसती. आणि काही अशी, की आणखी अर्धा तास थांबले असते तर उशीर झाला असता.

सिस्टरबाईंबरोबरची एक रात्र सांगते आणि थांबते. भादव्याचा महिना होता, वीज गेलेली. बाई पहिलटकरीण, वय वीस असेल, कळा सगळ्या कमरेत. सिस्टरबाई तिच्या मागं जमिनीवर बसल्या होत्या आणि प्रत्येक कळेला दोन्ही तळव्यांनी दाबत होत्या. त्या थकल्या की सासू, सासू थकली की मी. चौथा हात नव्हता म्हणून दाराबाहेर बसलेल्या नवऱ्याला आत बोलावलं. तो घाबरला होता. सिस्टरबाईंनी त्याचे हात धरून जागेवर ठेवले आणि म्हणाल्या, "इथं. धानाचं पोतं सरकवते तसं जोर लाव, पण सरकवू नको." पहाटे चारला डोकं दिसलं. बाळ वळलेलं नव्हतं, उताणंच आलं, कपाळ आधी, मग नाक, मग हनुवटी. डोळे उघडे होते. कंदिलाच्या उजेडाकडं ते बघत होतं आणि सिस्टरबाईंनी कंदील जरा बाजूला केला.

आज दवाखान्यातल्या दोन सिस्टर माझ्याबरोबर आल्या आहेत. डाव्या बाजूच्या खोलीत चटया अंथरल्या आहेत, खुर्च्या उलट्या मांडल्या आहेत. ज्यांच्या घरी कुणी सातव्या महिन्याच्या पुढं आहे त्यांनी चहा घेतला की तिकडं या, कमर कुठं आणि कशी दाबायची ते हातानं करून दाखवू. पुरुषांनीही यावं. खोलीला दार आहे, ते लावून घेऊ.